अनामिक कार्पिंचो

ताकुआरेम्बोच्या उत्तरेला, निलगिरीच्या रांगा संपतात तिथे
माझी शाळा: एक खोली, एक स्वयंपाकघर, अकरा मुलं.
जुलैत इतकं गारठतं
की आधी बोटांवर फुंकर, मग अक्षर.

या वर्षी सगळ्यांना मिळून एकच पान दिलं.
अकरा वह्या नाहीत. पडद्यावरचं एक पान,
ज्यात सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं.
विषय: आपला ओढा.

पहिल्या दिवशी नुसता धुडगूस.
यामांदूने ब्रिसाचं वाक्य खोडलं,
ब्रिसाने यामांदूचा अख्खा परिच्छेद.
कुणीतरी जांभळ्या रंगात चाळीसदा 'मूर्ख' लिहून ठेवलं.
मी म्हटलं, इथे खोडलेलं मरत नाही,
आणि मागच्या आवृत्त्या उघडून दाखवल्या:
कोण, किती वाजता, कुठला शब्द.
वर्ग एकदम शहाणा झाला.
मला ते आवडलं,
आणि थोडं आवडलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो आला.
अकरा नावं, अकरा रंग, आणि बारावं
करड्या वर्तुळात एक जनावर.
जो नाव सांगत नाही
त्याला यंत्र एखादा प्राणी बहाल करतं.
पडद्यावर होतं: अनामिक कॅपिबारा.
'कार्पिंचो!' पोरं ओरडली,
ओढ्यातनंच वर आलाय म्हणाली, अंग न पुसता.

रोज अकराच्या सुमारास यायचा,
दोन ओळी टाकायचा, गडप.
वाल्मीरने लिहिलं, ओढ्याचा उतार पुलापाशी आहे.
खाली उमटलं: पूल मागाहून झाला.
उतार वाळुंजाखाली. बैलगाड्या तिथून जायच्या.
आणखी एकदा:
पाणी शाळेच्या खिडकीच्या तिसऱ्या गजापर्यंत आलं होतं.
गज मोजा.
अकराच्या अकरा पोरं बाहेर पळाली, गज मोजायला.

शुद्धलेखनाचा मात्र आनंद.
ब च्या जागी व, व च्या जागी ब.
आमच्या भाषेत दोघांचा उच्चार एकच;
फरक फक्त त्यांना ठाऊक
ज्यांना शाळा पुरी करता आली.

मला वाटलं, मोन्तेविदेओचा कुणी तपासनीस असेल, वेष पालटून.
पोरांना वाटलं, मीच.
बाहेरच्यांना दार बंद करायला
एक बटण पुरे होतं. बोट तिथवर गेलंही.

गुरुवारी मसुराचा स्टू करपला.
वास वर्गात आला तशी मी धावले.
सुल्मा, आमची स्वयंपाकीण,
बटाट्याच्या सालींशेजारी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा,
पुढ्यात तो जुना लॅपटॉप, एक कळ निखळलेला,
दुरुस्तीला जायचा म्हणून दोन वर्षं कपाटात पडलेला.
एका बोटाने अक्षर शोधत होती,
मसुरातले खडे वेचावेत तसं.
पानाचा पत्ता मीच फळ्यावर खडूने लिहिलेला.
स्वयंपाकघराची खिडकी फळ्यासमोर.

तिने वर फडकं टाकलं.
मग म्हणाली, 'उताराचं चुकीचं होतं.
पोरं चुकीचं शिकली असती.'
आणि पातेलं खरवडायला लागली.

करपलेलं आम्ही सगळ्यांनी खाल्लं.
ब्रिसाने विचारलं, कार्पिंचो कोण ते यंत्राला कळत नाही का?
नाही, मी म्हटलं. ते खरंच होतं.

संध्याकाळी माते पिताना मी सुल्माला विचारलं,
नाव घालू का तुझं? रंग निवड एखादा.
तिने नळीतून शेवटचा घोट ओढला, खळखळ वाजेपर्यंत.
'जनावरच बरं.
जनावराच्या चुका कुणी काढत नाही.'

त्या रात्री पान उघडलं.
मुलं झोपलेली, अकराही रंग गेलेले.
तिच्या ओळीतला एक ब मी व केला.
मग आठवलं,
कोण, किती वाजता, कुठला शब्द,
सगळं दिसतं इथे.
परत ब केला.
तेही दिसणारच.